माणूस पिवळ्या क्रेटमध्ये

५ फेब्रुवारी

आणि वर दादाच म्हणणार की मी कुठं टिकत नाही. टिकत नाही म्हणजे काय? दर महिन्याला आठ हजार न चुकता घरी जातात, ते काय वाऱ्याने उडून जातात? सुरी तळहातात घुसली ती मी हौसेने घुसवली नाही. सात टाके पडले. फोनवर सांगितलं तर याचा पहिला प्रश्न, "मग आता तिथूनही पळणार का?" दुखतंय का, हे विचारायला आईच लागली. रंगकाम सोडलं तेव्हा हेच, गोदाम सोडलं तेव्हा हेच, चौथीतून शाळा सोडली तेव्हापासून हेच ऐकतोय. हा पंक्चरच्या दुकानात बारा वर्षं एकाच स्टुलावर बसलाय, म्हणून बसून राहणं हा मोठा गुण झाला. दगडही बसूनच असतो. हे त्याला सांगणार होतो, तेवढ्यात त्याच्याकडं गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवला. म्हणून इथं लिहितोय. वहीला गिऱ्हाईक येत नाही.

बरं झालं डावा हात कापला.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हात ओला करायचा नाही. मासे कापायच्या कारखान्यात हात ओला करायचा नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे पगार नाही. माझ्या खोलीतला लंबू म्हणतो, तुझा हात बरा झाला की एक एप्रिलला दोघं निघू, त्याला पलीकडच्या बंदरावर क्रेनचं काम सांगितलंय कुणीतरी, इथल्या दीडपट पैसे. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

७ फेब्रुवारी

मुकादमाने बोलावलं. वाटलं, हातात हिशोब देतोय. तर म्हणाला, "भोवऱ्या, मागच्या खोलीत पोरं सांभाळशील का? अर्धा पगार."

भोवरा हे माझं इथलं नाव. एका जागी उभा राहत नाही म्हणून कापायच्या टेबलावरच्या बायकांनी ठेवलंय. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं आहे.

मागच्या खोलीत कामगारांची मुलं बसतात. पाळी संपेपर्यंत त्यांनी कारखान्यात घुसू नये म्हणून एक बाई ठेवल्या होत्या, त्या बाळंतपणाला गेल्या. मी म्हटलं, मला काही येत नाही, मी चौथी अर्धवट. मुकादम म्हणाला, "पुरी केली असतीस तर इथं कशाला असतास? पोरं मोजून घ्यायची, मोजून परत द्यायची."

संध्याकाळी सुरीमावशी येऊन बसली. टेबलावर माझ्या शेजारी उभी असते, साठीची आहे, तिच्यासारखी सुरी कुणाची चालत नाही. तिने सगळं सांगितलं, म्हणजे मुकादमाने जे सांगितलं नाही ते. या मुलांना शहरातली शाळा घेणार आहे, पण आधी परीक्षा. बाईंनी भाषा आणि गणित करून घेतलंय. शास्त्रातला एक धडा राहिलाय, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा, आणि नेमका तोच येणार आहे. २१ मार्चला.

"आमचा नातू, बोका, अकराचा झाला," ती म्हणाली. "या वर्षी घेतला नाही तर पुढच्या वर्षी वय बसत नाही. मग माझ्या शेजारी उभा राहील." पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुझी जागा रिकामीच आहे म्हणा सध्या."

म्हातारी गोड बोलून टोचते. मी कुठं शिकवणार आहे. सांभाळणार आहे फक्त.

९ फेब्रुवारी

आठ पोरं आहेत. बोका त्यात मोठा, कुणाशी बोलत नाही, खिडकीतून कारखान्याकडं बघत बसतो. मैना नऊ वर्षांची, तिचं तोंड मिटत नाही. तिचा धाकटा भाऊ तिच्या मागेमागे असतो, त्याला सगळे शेपूट म्हणतात. बाकीची अजून नीट ओळखता येत नाहीत, मोजता येतात.

मला भोवराकाका म्हणतात. बाविसाव्या वर्षी काका.

धडा वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीत अडकलो. उभयचर. मी म्हटलं, उभय... उभ्याने चरणारे. मैना म्हणाली, "काका, मग गाय बसून चरते का?" सगळी हसली. मीही हसलो, पण कान गरम झाले.

दादाला फोन केला. "पुस्तक समोर आहे ना? मग वाच की." म्हटलं, "वाचतोय, पण ते चावतंय." त्याने ठेवून दिला. आणि तासाभराने स्वतःहून केला. उभय म्हणजे दोन्ही. पाण्यातही राहणारे, जमिनीवरही. बेडूक. लहानपणी कल्ल्यांनी श्वास, मोठेपणी फुप्फुसांनी. घडाघडा. मी म्हटलं, तुला कसं ठाऊक? "मला ठाऊक नसायला काय झालं? दहावी झालोय मी." मागून एक म्हातारा आवाज आला, "कातडी ओली असते, ते सांगा त्याला." दादा म्हणाला, "आणि कातडी ओली असते."

गिऱ्हाईकं पण कसली येतात त्याच्याकडं.

१२ फेब्रुवारी

आज पुस्तक मिटूनच ठेवलं. एकमेकांच्या पाठीवरून बोटं फिरवायला लावली, मानेपासून खाली. गाठी लागतात त्या मोजा म्हटलं. गुदगुल्यांनी अर्धा तास गेला. शेपटाच्या पाठीवर तर एकेक मणी दिसतो, इतका बारीक आहे.

मग टेबलावरून टाकाऊ मासळी मागून आणली, एक बांगडा आणि एक माकूळ. माकूळ म्हणजे ते लिबलिबीत, दहा पायांचं. कुणाला कणा आहे? बोका पहिल्यांदा जागेवरून उठला. बांगडा घेतला, शेपटीपाशी अंगठ्याने दाबला आणि अख्खा काटा एका ओढीत वर काढला, डोक्यासकट. सुरी नाही, काही नाही. काटा हातात धरून उभा राहिला. मग माकूळ उचलून पिळलं आणि म्हणाला, "याच्यात काही नाही. प्लॅस्टिकसारखी पट्टी आहे नुसती." एवढंच बोलला. मी म्हटलं, हाच धडा. पाठीत मण्यांची माळ असेल तो आपला, नसेल त्याची गोष्ट वेगळी.

त्याला हे कुणी शिकवलं, ते विचारलं नाही. टेबलापाशी उभा राहत असणार, मुकादमाची नजर चुकवून.

१५ फेब्रुवारी

धुवायच्या जागेवरून क्रेट आणले. निळा मासे, हिरवा उभयचर, तपकिरी सरपटणारे, पांढरा पक्षी, लाल दूध पाजणारे. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तुकडे करून पोरांनी त्यावर प्राणी काढले. शेपटाने हत्ती काढला तो सगळ्यांना किटली वाटली.

आणि एक पिवळा क्रेट. आमच्या पट्ट्यावरचा नियम तो. मासळी पट्ट्यावरून येते, हात चालू ठेवायचा, आणि जी नीट कळत नाही ती पिवळ्यात टाकायची. चुकीच्या क्रेटमध्ये मासा गेला तर अख्खा क्रेट परत येतो आणि शिव्या मिळतात. पिवळ्यात टाकल्याबद्दल कुणी बोलत नाही. पाळी संपायच्या आत पिवळा उपसायचा असतो, बस. पोरांना हे फार आवडलं. ठोकून देण्यापेक्षा पिवळ्यात टाका म्हटलं.

आज पिवळ्यात वटवाघूळ, देवमासा, साप, वाम, कासव, पेंग्विन. आणि किटली.

१६ फेब्रुवारी

साप आणि वाम एकाच क्रेटमध्ये जायला पाहिजेत असं मैनाचं म्हणणं. दोन्ही लांब, दोन्ही बुळबुळीत. बोका म्हणाला, साप बुळबुळीत नसतो, मी हात लावलाय. मैना म्हणाली, खोटारडा. मारामारी. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पिवळ्यात राहू द्या म्हटलं.

दादाला फोन. चढ्या आवाजात म्हणाला, "अरे, नुसतं बघून टाकता का तुम्ही? विचारायला नको? तीन प्रश्न विचार. अंगावर काय आहे? श्वास कशाने घेतो? पिल्लू कसं होतं? मग बरोबर जागी जातो." हे त्याला दहावीचं इतकं पाठ असेल असं वाटलं नव्हतं. पण सरळ मलाच ओरडला, म्हणून मीही ओरडलो की पट्ट्यावर विचारत बसलं तर मुकादम कानाखाली विचारेल.

पण खरं आहे. आमचं सगळं काम बघ आणि टाक. पोरांचं तसं नको.

२० फेब्रुवारी

देवमासा लाल क्रेटमध्ये गेला. पाण्यात राहून हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. एक पोरगं म्हणालं, मग त्याला मासा का म्हणतात? मी म्हटलं, याला नाही का बोका म्हणत? बोका हसला. दात पडलेला दिसला, पहिल्यांदाच.

लाल क्रेटची गंमत म्हणजे त्यात हत्ती, उंदीर, देवमासा, वटवाघूळ सगळे एकत्र. मैना म्हणाली, "यांचं आपसात पटत असेल का?"

२६ फेब्रुवारी

टाके काढले. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, मूठ मिटायला लावली. म्हणाले, परवापासून कामाला जा. पट्टी काढून टाकली आणि नवीन बांधली. जखम नवी आहे, धूळ लागते. त्या खोलीत धूळ फार.

आज पोरांनी अख्खा पिवळा उपसला. शेवटी मैनाने एक पुठ्ठा काढला, त्यावर माणूस. टोपीवाला. "काका, हा कुठं?" मी घाईत होतो, लंबू फाटकापाशी बोलवत होता, क्रेनवाल्याशी बोलायचं होतं. म्हटलं, टाका पिवळ्यात, उद्या बघू.

४ मार्च

मुकादमाने विचारलं, हात कसा आहे. म्हटलं, ठणकतो. तो माझ्या पट्टीकडं बघून म्हणाला, "पट्टी फार स्वच्छ आहे रे तुझी." म्हटलं, रोज धुतो. हे बोलून गेलो आणि मग जीभ चावली. तो पुढं निघून गेला. त्याला तेवढी अक्कल नाही बहुतेक.

दादाने सांगितलं, शार्कचाही कणा असतो पण हाडाचा नाही, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा कुरकुरीत. मी विचारलंही नव्हतं. या माणसाला दुकानात काम नाही का? एकीकडे म्हणतो हवा भरायचा कॉम्प्रेसर घ्यायचाय, हातपंप मारून दंड गेले, आणि दुसरीकडे शार्क.

११ मार्च

बोका आला नाही. मोजले तर सातच. मैना म्हणाली, "सुरीमावशीला ताप आहे, तो तिच्या जागी गेलाय. तिचा खाडा पडू नये म्हणून."

पोरांना दाराला कडी लावून बसवलं आणि टेबलाकडं गेलो. पालथ्या क्रेटवर उभा होता, उंची पुरत नाही म्हणून. कोपरापर्यंत ओला. सुरी छान चालत होती, माझ्यापेक्षा छान, आणि तेच बघवलं नाही. म्हटलं, उतर. म्हणाला, "आजीचा पगार कापतील." म्हटलं, उतर, मी उभा राहतो. म्हणाला, "तुमचा हात?"

पट्टी सोडून खिशात घातली. उतरला. जाताना म्हणाला, "वटवाघूळ पिल्लू पाजताना उलटंच लटकतं का?" मला काय ठाऊक. म्हटलं, जा, मैनाला विचार.

पाळी संपेपर्यंत उभा राहिलो. खोलीतल्या पोरांकडं पॅकिंगमधली मैनाची आई मधूनमधून बघून आली. मुकादम दोनदा मागून गेला. दुसऱ्यांदा थांबला. "आज बरा दिसतोय हात." म्हटलं, आज जरा बरा आहे. "उद्या दुखेल," तो म्हणाला आणि गेला.

आणि खरंच दुखला नाही, हेच वाईट.

२१ मार्च

परीक्षा. पोरांना रांगेने नेलं, सगळ्यांचे केस ओले करून बसवलेले. मला शाळेच्या फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहायची मला सवय आहे, पण तेव्हा आत जायचं नसायचं.

बाहेर आल्यावर सगळी एकदम बोलायला लागली. वीस चित्रं होती. सोपं होतं. सगळं आलं. बोका म्हणाला, "चुकीचं एक पण नाही टाकलं." मी सगळ्यांना भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले.

२३ मार्च

शाळेतून निरोप. मोठ्या बाईंनी बोलावलंय, मुलांना घेऊन. लंबू म्हणाला, कॉपी केली असणार पोरांनी. त्याच्याशी बोललो नाही.

२४ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवतो.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. टेबलावर आठ कागद पसरलेले. म्हणाल्या, "शिकवणारे तुम्ही?" म्हटलं, शिकवणारा नाही, सांभाळणारा. त्यांनी एक कागद माझ्याकडं फिरवला. छापलेले पाच चौकोन, आणि खाली पेन्सिलीने काढलेला सहावा. पिवळा रंगवलेला. आठही कागदांवर. कुणाच्या पिवळ्यात दोन प्राणी, कुणाच्या चार. शेपटाच्या पिवळ्यात नऊ.

"हे काय आहे?"

सांगितलं. पट्ट्याचं, क्रेटचं, सगळं. खात्री नसली तर ठोकून द्यायचं नाही, असं मीच म्हणालो होतो. चूक माझी आहे, पोरांची नाही, असंही म्हणालो.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडं पाचच चौकोन आहेत."

"हो, बाई."

"आणि हे बघितलंत का?" त्यांनी बोट ठेवलं. माणूस. आठही कागदांवर माणूस पिवळ्यात. एकाचंही चुकलं नाही, म्हणजे सगळ्यांचं सारखं चुकलं. "कुणी सांगितलं यांना हे?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली, पण रागाने नाही. आमच्या काकांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार, अशी. ते सगळ्यात वाईट. म्हटलं, "मी. त्या दिवशी मला घाई होती. उद्या बघू म्हणालो, ते राहूनच गेलं."

मला वाटलं होतं बाई हसतील नाहीतर चिडतील. दोन्ही झालं नाही. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुमच्याकडं हा पिवळा उपसतात कधी?"

"पाळी संपायच्या आत."

"मग अजून पाळी संपलेली नाही असं समजू. तुम्ही दाराबाहेर उभे राहा. बोलायचं नाही."

पोरांना जमिनीवर गोल बसवलं आणि त्यांच्या त्यांच्या पिवळ्यातली चित्रं मध्ये ठेवली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. वाम निळ्यात गेली, कल्ले आहेत म्हणून. साप गेला तपकिरीत, बोक्यानेच टाकला, मैनाकडं न बघता. पेंग्विनला पिसं. एकावर फसले, सरडा हिरव्यात टाकला, बाईंनी तसाच राहू दिला. मग उरला माणूस.

कुणीच हात लावेना. शेवटी बोक्याने चित्र उचललं. म्हणाला, "अंगावर काय?" मैना म्हणाली, केस. "थोडेच आहेत." "बोक्या, तुझ्या आजीच्या हनुवटीवर बघ." बाईंनी तोंडावर हात ठेवला. "श्वास?" नाकाने, आत फुप्फुसं. "पिल्लू?"

तेव्हा शेपूट म्हणाला, "मी आईचं दूध प्यायलोय." आणि ताईकडं बघून, "हो ना ग?"

मैनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, सदऱ्यावरूनच, वरून खाली. कणा तपासत होती का नुसती थोपटत होती, कळलं नाही. म्हणाली, "हा लाल."

बोका बराच वेळ चित्र हातात धरून होता. "म्हणजे हत्तीबरोबर?"

"आणि देवमाशाबरोबर," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याबरोबर."

त्याने चित्र लाल चौकोनावर ठेवलं आणि तळहाताने सारखं केलं. मी तिथून जरा बाजूला झालो. त्या शाळेतही धूळ फार.

निकाल तिथंच दिला. पाच जण चौथीत. शेपूट आणि एक मुलगी पहिलीत. बोक्याचं मात्र वेगळं. त्याला सगळं येतं पण वाचताना अडतो, शब्द धरून ठेवतो. बाई म्हणाल्या, जागा ठेवते, जूनमध्ये वर्ग भरेल तेव्हा एक पान न अडता वाचून दाखवू दे. तोपर्यंत रोज कुणीतरी त्याच्याजवळ बसायला पाहिजे. "कुणी आहे का?"

म्हटलं, आहे. मग विचार केला.

२७ मार्च

मुकादमाकडं गेलो. म्हणाला, "एक तारखेपासून टेबलावर ये. पूर्ण पगार. बाई काही आता परत येत नाहीत, पण पोरांसाठी बघू कुणीतरी."

म्हटलं, "हात दुखतो."

"किती दुखतो?"

"जूनपर्यंत दुखेल."

त्याने वही काढली, माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं. "बरं. पण पट्टी तरी बांधत जा रे. वरचे साहेब येतात."

बोका वाचताना अडतो तिथं मीही अडतो. आम्ही दोघं मिळून शब्दाला दोन्ही बाजूंनी धरतो. मैना वरून बघत असते आणि उसासे टाकते.

१ एप्रिल

लंबू गेला. म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय, दीडपट सोडून अर्ध्यावर राहतोस." त्याची पिशवी फाटकापर्यंत पोचवली. तो वळणावर दिसेनासा झाल्यावरही पाय तिकडंच निघायला बघत होते. पण पोरं मोजायची होती.

२ एप्रिल

दादाला फोन केला. शाळेतलं सगळं सांगितलं, आणि लगेच हेही सांगून टाकलं, जूनपर्यंत अर्धाच पगार आहे, कॉम्प्रेसरचं जमणार नाही. बोलणी खायला तयार होतो, उत्तरं पण पाठ करून ठेवली होती.

तिकडून पंपाचे चार दणके ऐकू आले. मग म्हणाला, "बारा वर्षं हाताने हवा भरतोय, अजून दोन महिन्यांनी दंड काही गळून पडत नाही." आणि मग, "सरडा हिरव्यात कसा काय टाकला रे त्यांनी? गुरुजी विचारतायत."

"कोण गुरुजी?"

"कोणी नाही. गिऱ्हाईक."

मला उत्तरं वापरता आली नाहीत. दुकानात डबा घेऊन आलेल्या आईने फोन घेतला, हात विचारला. बरा आहे म्हटलं. मग आठवलं आणि म्हटलं, दुखतो.

उद्या सकाळी पाठवतोय, चार हजार.